डोंगराच्या मातीतला डोंगर

  आज व्याजाचा हिशोब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज आम्ही एका चित्राबद्दल बोलणार आहोत. चित्र आहे आपल्याच जिल्ह्यातलं, आणि आहे दीड हजार वर्षांपूर्वीचं.

सुरुवात मात्र पोरांच्या चित्रांपासून करू. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ग्रामसंघाने मुलांसाठी चित्रांची स्पर्धा घेतली. विषय दिला होता 'माझं गाव'. तीसेक चित्रं आली, आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात तेच. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी. आम्ही चित्रं मांडून बसलो होतो आणि समोर खराखुरा डोंगर उभा होता. त्याला टोक नव्हतंच. वरून सपाट, मधे पायरी, पुन्हा कडा, पुन्हा पायरी. एकावर एक भाकरी रचाव्यात तसा. आपल्याकडचे बहुतेक डोंगर असेच आहेत. मग पोरांनी हे त्रिकोण आणले कुठून? पुस्तकातून, दुसरं काय! समोरचा डोंगर कुणी बघितलाच नाही.

त्या दिवशी आमच्यातल्या एकीने विचारलं, "ताई, आपल्याकडचा डोंगर कुणी खरा काढलाय का?" आम्ही म्हटलं, काढलाय, अजिंठ्याला. आणि तिथूनच सहलीचं ठरलं.

छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करत अजिंठा गाव लागतं. तिथून घाट उतरला की फर्दापूर. सगळा मिळून सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता. फर्दापूरच्या फाट्यावरून दुसऱ्या बसने आत जायचं. वाघूर नदीने तिथे घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय, आणि त्या वळणावरच्या उभ्या कड्यात ३० लेणी कोरलेली आहेत. कडा जवळपास ७६ मीटर उंच आहे.

हा कडा कसा झाला ते आधी सांगतो, म्हणजे चित्र समजायला सोपं जाईल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या सगळ्या भागात जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हा बाहेर आला. एक थर पसरला, थंड झाला, मग त्यावर दुसरा आला. असे थरावर थर बसले आणि आपला काळा कातळ तयार झाला. पुढे पावसापाण्याने मऊ भाग झिजला, कठीण भाग राहिला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि कडे चौकोनी चिरांचे. कुठे कुठे कातळ असा फुटतो की वाटावं, कुणी पेट्या रचून ठेवल्यात.

आता लेण्यांचा काळ. अजिंठ्याची लेणी दोन वेळांना कोरली गेली. पहिली सातवाहनांच्या काळात, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. नऊ आणि दहा क्रमांकाची लेणी त्यातली. मग काही शतकं काम थांबलं. दुसऱ्यांदा काम सुरू झालं ते पाचव्या शतकात, वाकाटकांच्या राज्यात. त्या वेळचा राजा हरिषेण, आणि त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं आपलं वाशीम. त्याचा मंत्री वराहदेव याने १६ नंबरचं लेणं कोरवून घेतलं. तसा शिलालेखच तिथे आहे. आपण ज्या चित्राबद्दल बोलतोय ते १ नंबरच्या लेण्यात आहे आणि तेही याच दुसऱ्या काळातलं.

लेण्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या. आत अंधार. डोळे सरावेपर्यंत काहीच दिसत नाही. मग समोरच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या डाव्या हाताला, हळूहळू एक मोठी आकृती दिसायला लागते. कमरेत थोडी वाकलेली, डोक्यावर उंच मुकुट, हातात निळं कमळ, पापण्या खाली झुकलेल्या. हा बोधिसत्त्व पद्मपाणी. कॅलेंडरवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आपण सगळ्यांनी त्याला पाहिलंय.

सगळे त्याचाच चेहरा बघतात. आम्हीही बघितला. पण आम्ही डोंगर शोधायला आलो होतो, म्हणून थोडं मागे बघितलं, आणि डोंगर तिथे होता.

पद्मपाणीच्या मागे सगळा डोंगरच आहे. पण त्याला ना टोक, ना त्रिकोण, ना मधून उगवणारा सूर्य. चौकोनी दगड एकावर एक, एकाशेजारी एक रचलेत. प्रत्येक दगडाची एक बाजू उजळ, दुसरी गडद, म्हणून तो भिंतीतून पुढे आल्यासारखा दिसतो. काही दगड तांबूस, काही हिरवट, काही मातकट. दगडांच्या मधून झाडं वर आलीत. सुपारीसारखी उंच झाडं आहेत, मोर आहे, माकडं आहेत, आणि वर किन्नरांची जोडी आहे, अर्धी माणसाची नि अर्धी पाखराची.

आम्ही बाहेर आलो, समोरच्या कड्याकडे बघितलं आणि एकमेकींकडे बघून हसलो. तोच चौकोनी कातळ! तज्ज्ञ म्हणतील, दगड असे पेट्यांसारखे दाखवायची त्या काळची रीतच होती. असेल. पण त्या चित्रकाराने रोज सकाळी लेण्याच्या दारातून हाच कडा बघितला असणार, असं आम्हाला वाटल्याशिवाय राहिलं नाही.

डोंगर कसा काढावा याचा नियम जुन्या ग्रंथातही आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. त्यात सांगितलंय की डोंगर दाखवायचा तर शिळांचे समूह दाखवावेत, शिखरं दाखवावीत, त्यातल्या धातूंचे रंग, झाडं, झरे आणि सापही दाखवावेत. नुसती बाह्यरेषा काढली की झाला डोंगर, असं तो ग्रंथ म्हणत नाही. डोंगरात जे जे राहतं ते सगळं मिळून डोंगर. आपल्याला हे सांगायला नको. सरपणाला, गवताला, सीताफळाला, शेळ्यांमागे ज्या बाया डोंगरात जातात, त्यांना डोंगर म्हणजे काय ते पक्कं ठाऊक आहे.

या चित्रात लांबचं आणि जवळचं दाखवायची रीतही वेगळी आहे. आजच्या चित्रात लांबची वस्तू बारीक काढतात. इथे जे मागे आहे ते वर काढलंय. आकाश जवळजवळ नाहीच. सगळी भिंत झाडांनी, दगडांनी, जिवांनी भरलेली. म्हणून चित्र बघताना आपण डोंगराकडे लांबून बघतोय असं वाटत नाही. आपण डोंगरातच उभ्या आहोत असं वाटतं.

आता या चित्रातल्या भावाबद्दल थोडं. बोधिसत्त्व म्हणजे ज्याला स्वतःची सुटका करून घेता येते, पण दुसऱ्यांचं दुःख बघून जो मागे थांबतो. त्याच्या मनातली करुणा दाखवायची तर कशी? चित्रकाराने त्याला रडताना दाखवलं नाही. डोळे खाली झुकवले, मान किंचित कलती केली, एवढंच. आणि मागे डोंगर आपला नेहमीसारखा चाललाय. माकडं खेळतायत, मोर बसलाय, किन्नर आपल्या गाण्यात दंग. मधे हा एकटा गप्प उभा. आपल्या घरात दुःख असतं तेव्हाही शेजारी लग्नाचा बँड वाजत असतो, कोंबडा आरवायचा थांबत नाही. ज्याने त्या वेळी मनावर ओझं घेऊन उंबऱ्यात उभं राहून बघितलंय, त्याला हे चित्र लगेच कळतं. आमच्यातली एक ताई, जिचा नवरा गेल्या वर्षी गेला, ती त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. तिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं.

पुढे १७ नंबरच्या लेण्यात डोंगरातल्या हत्तींच्या गोष्टी आहेत. बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींना जातककथा म्हणतात. त्यातली एक आंधळ्या आईला सांभाळणाऱ्या हत्तीची. राजाची माणसं त्याला धरून नेतात. त्याच्यापुढे चांगलं चांगलं खाणं ठेवतात, पण तो तोंड लावत नाही. राजा कारण विचारतो, तेव्हा कळतं की डोंगरात त्याची आंधळी आई उपाशी आहे. राजा त्याला सोडून देतो आणि हत्ती आईकडे परत जातो. ही गोष्ट चित्रात वाचताना आमच्या बायकांना दिव्याची गरज लागली नाही. माहेराहून निघताना ज्या मागे वळून बघतात, त्यांना ती गोष्ट अंधारातही कळते.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतोय तिथे येतो.

आमच्यात एक मावशी आहेत, सत्तरीच्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. आम्ही सगळ्या चित्राच्या मधोमध बघत होतो, आणि मावशी एका कोपऱ्यात वाकून बघत होत्या. तिथे चित्र पडून गेलंय आणि भिंत उघडी पडलीय. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं, हे तर आपलंच काम आहे. भुसा घालून लिंपलंय. वर चुन्याचा हात दिलाय."

वाटाड्या भाऊ जवळच होते. ते म्हणाले, "मावशी, बरोबर ओळखलंत तुम्ही. असंच आहे."

आणि खरंच तसंच आहे. अजिंठ्याची चित्रं दगडावर काढलेली नाहीत. आधी कातळाची भिंत छिन्नीने खरबरीत ठेवायची, म्हणजे माती धरून राहील. मग मातीचा पहिला, जाड थर द्यायचा. त्यात रेतीचे कण, गवताचे तंतू आणि भाताचा तूस मिसळलेला. तो वाळला की दुसरा थर, बारीक मातीचा. तो घोटून गुळगुळीत करायचा. त्याच्यावर चुन्याचा पातळ हात. त्या पांढऱ्या भिंतीवर मग गेरूने रेषा आखायच्या आणि रंग भरायचे. शेवटी पुन्हा गडद रेषेने आकार पक्के करायचे, आणि नाकाच्या दांडीवर, मोत्यांवर, दागिन्यांवर पांढऱ्याचा टिपका.

भिंत ओली असताना रंग लावायचे की वाळल्यावर, यावर अभ्यासकांमध्ये पुष्कळ चर्चा झाली. काहींना आधी वाटलं होतं की रंग ओल्या चुन्यातच मुरवलेत. पुढे तपासणीत दिसलं की रंग डिंकासारख्या किंवा सरसासारख्या चिकट पदार्थात कालवून कोरड्या भिंतीवर लावलेत. म्हणून ही चित्रं पाण्याला फार नाजूक. ओला हात लागला तरी रंग सुटतो.

आणि रंग तरी कुठले? लाल आणि तांबडा म्हणजे गेरू. पिवळा म्हणजे पिवळी माती. पांढरा म्हणजे चुना आणि पांढरी माती. काळा म्हणजे दिव्याची काजळी. हिरवा आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. एकच रंग परमुलखातला, तो निळा. तो लाजवर्दी नावाच्या दगडापासून करायचे, आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या खाणींतून व्यापाऱ्यांबरोबर इथवर यायचा. एवढा एक निळा सोडला तर बाकी सगळं इथलंच. डोंगराची माती, डोंगराचा रंग, आणि त्यातून भिंतीवर उभा केलेला डोंगर.

मावशी हे सगळं ऐकत होत्या. गेरू, चुना, पांढरी माती, काजळी, एकेका नावाला मान डोलावत होत्या. दिवाळीच्या आधी पांढऱ्या मातीचा पोतेरा घेऊन, खाली गेरूची पट्टी ओढून, वर बोटांनी टिपके देत त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं भिंती सजवल्यात. चित्र काढणाऱ्याचा हात त्यांच्याकडे नसेल. पण भिंत बोलायला तयार कशी करायची, ते मात्र त्यांना येतं.

आता या चित्रांचं पुढे काय झालं ते ऐका, कारण त्यात आपल्यासाठी धडा आहे.

लेण्यांत राहणारे भिक्खू निघून गेले आणि लेणी रानात झाकली गेली. आसपासच्या लोकांना ती माहीत होतीच. पण बाहेरच्या जगाला कळली ती १८१९ साली. २८ एप्रिलला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली. त्याने काय केलं? १० नंबरच्या लेण्यात, खांबावरच्या जुन्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. आजही किल्ल्यावर, देवळावर नावं कोरणारे आहेतच. त्यांचा हा पूर्वज म्हणायचा.

१८४४ मध्ये रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला काढायला नेमलं. त्याने अजिंठ्यात राहून वर्षानुवर्षं मोठमोठ्या कापडांवर नकला काढल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेस नावाच्या इमारतीत लावल्या, आणि १८६६ मध्ये तिथे आग लागून बहुतेक सगळ्या जळाल्या. गिलबरोबर राहिलेली इथली बाई पारो. तिची कबर अजिंठा गावात आहे आणि तिच्यावर १८५६ साल कोरलेलं आहे. ना. धों. महानोरांनी आपल्या 'अजिंठा' या दीर्घकवितेत तिची गोष्ट घेतली, म्हणून ती आपल्याला माहीत आहे.

नंतर मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे आपल्याकडचे विद्यार्थी त्यात होते. बारा-तेरा वर्षं काम चाललं. त्या नकलाही लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागून त्यातल्या पुष्कळ गेल्या. दोनदा मेहनत झाली आणि दोन्ही वेळा राख.

तिसऱ्यांदा आली ती एक बाई. लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम. रंग चिकट पदार्थात कालवून कोरड्या पृष्ठभागावर चित्र काढायची जी जुनी पद्धत, तिची ती जाणकार होती. इटलीतल्या एका जुन्या चित्रकाराने लिहिलेली रंगकामाची पोथी तिने इंग्रजीत आणली होती. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत ती फर्दापूरजवळ तंबू ठोकून राहिली. तिच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार आले, हैदराबादहून सय्यद अहमद आले. हेच नंदलाल बोस पुढे आपल्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीची पानं सजवणारे. या लोकांनी काढलेल्या नकला १९१५ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. सय्यद अहमद तर नंतर अजिंठ्याची देखभाल करायला इथेच राहिले.

तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. चित्रं पडायला लागली म्हणून १९२० नंतर इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, ते काम उपयोगाचंच झालं. पण चित्रांवर लाखेपासून केलेलं रोगण लावलं. सुरुवातीला चित्रं चकाकली. मग ते रोगण पिवळं पडत गेलं, त्यावर धूळ बसली, आणि चित्रं काळवंडली. ते रोगण काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची नंतर वर्षांमागून वर्षं गेली. चांगल्या मनाने, पण आपल्या मातीची परीक्षा न करता केलेलं काम होतं ते.

आणि सगळ्यात मोठा शत्रू कोण? किडा. गिलाव्यातला भाताचा तूस आणि गवत किड्यांनी खाल्लं, आतून पोकळ झालं आणि वरचं चित्र कोसळलं. इथे एक गंमत आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात पुरातत्त्व खात्यातल्या आणि आपल्या विद्यापीठातल्या अभ्यासकांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. २०१६ मध्ये त्यांचा हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं की त्या तंतूंमुळे वेरूळचा गिलावा किड्यांपासून वाचला. अजिंठ्यात ते घातले नव्हते म्हणून तिथे जास्त खराबी झाली. म्हणजे अजिंठ्यानंतर काही काळाने वेरूळला काम करणाऱ्या कुणीतरी कृती सुधारली होती. गटात आम्ही हे सांगितलं तेव्हा भांगेचं नाव ऐकून आधी सगळ्या हसल्या. मग मावशी म्हणाल्या, "आम्ही मातीत कडुनिंबाचा पाला कुजवायचो. वाळवी लागू नये म्हणून."

आम्ही सगळ्या गप्प झालो. दहा वर्षं मावशी आमच्या गटात आहेत. त्यांचं कर्ज किती, बचत किती, हप्ता कधी चुकला, सगळं आमच्या रजिस्टरमध्ये आहे. आणि ही कृती आम्ही त्यांना एकदाही विचारली नव्हती.

मैत्रिणींनो, अजिंठ्याच्या शिलालेखांत राजाचं नाव आहे, मंत्र्याचं आहे, दान देणाऱ्यांची नावं आहेत. १० नंबरच्या लेण्याच्या दर्शनी भागावर दान देणाऱ्याचं नाव आहे वासिष्ठीपुत्र कटहादी. वासिष्ठीपुत्र म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसाने आपली ओळख आईच्या नावाने दिली आणि ती दगडावर राहिली. पण पद्मपाणीच्या मागचा डोंगर ज्याने काढला त्याचं नाव कुठेच नाही. ज्यांनी माती चाळली, तूस मळला, भिंत घोटली, त्यांचं तर नाहीच नाही. पाण्याचे हंडे कुणी भरले असतील, माती कुणी तुडवली असेल? आपल्याकडे हे काम कोण करतं ते आपल्याला माहीत आहे.

२६ नंबरच्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने एक लेख कोरून घेतलाय. त्याचा आशय असा, की जोवर माणसाची आठवण जगात आहे तोवर तो स्वर्गात सुखाने राहतो, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असं काही डोंगरात करून ठेवावं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी डोंगरात करून ठेवलं. आपल्याकडे डोंगर नाही, पण वही आहे.

सहलीहून आल्यावर थोड्या दिवसांत मावशींचं जुनं मातीचं घर पाडायचं ठरलं. घरकुल मंजूर झालंय, पक्कं घर होतंय. ही आनंदाची गोष्ट आहे. पावसाळ्यात गळणाऱ्या माळवदाखाली ज्यांनी रात्री काढल्यात त्यांना मातीच्या घराचं कौतुक कुणी सांगू नये. पण घर पडायच्या आदल्या दिवशी आम्ही आठजणी तिथे गेलो. मावशींनी भिंतीचा एक तुकडा हातात घेऊन थर दाखवले. कुठली माती, कुठल्या शेतातली, किती भुसा, शेण किती दिवस मुरवायचं, पाला केव्हा घालायचा, चुना कसा विरवायचा. आम्ही सगळं लिहून घेतलं. कर्जाच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर. वर मावशींचं पूर्ण नाव घातलं, आणि त्यांच्या आईचंही, कारण हे काम त्यांना आईने शिकवलं होतं. मावशींनी खाली अंगठा दिला. म्हणाल्या, "कर्जाला दिला तेवढ्याच जोरात दिलाय."

म्हणून आज आमचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या गटात, तुमच्या गल्लीत अशी एखादी आजी, मावशी, मामी असेल. भिंत लिंपणारी, गेरूने चित्र काढणारी, गोधडी शिवणारी, कणगी विणणारी. पुढच्या बैठकीत तिला पंधरा मिनिटं द्या. तिची कृती लिहून घ्या, तिच्याच शब्दांत, आणि वर तिचं नाव घाला. मग ती वही आमच्याकडे पाठवा. आम्ही ती इथे रेडिओवर वाचून दाखवू.

आणि अजिंठ्याला जाल तेव्हा पोरांना बरोबर न्या. भिंतीला हात लावू देऊ नका, मोबाइलचा फ्लॅश मारू देऊ नका. पद्मपाणीच्या मागे डोंगर कुठे आहे ते त्यांनाच शोधायला सांगा. आमच्या गावच्या पोरांना आम्ही नेलं होतं. यंदाच्या स्पर्धेत त्रिकोणी डोंगर कमी झालेत. एका मुलीने तर डोंगर असा काढलाय, की पायऱ्यापायऱ्यांचा, वरून सपाट, मधे सीताफळीची झाडं, आणि कडेला तिची आजी, डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरणारी. चित्राखाली तिने आपलं नाव लिहिलंय. आणि आजीचंही.

भेटू पुढच्या वेळी. तोवर नमस्कार.